मोसंब्याच्या मापाचं टोपडं

लोकरीचं ते पिवळं टोपडं शाल्मलीने बाहुलीला घालून पाहिलं. छे, बसेचना! मग टोपलीतल्या मोसंब्याला घातलं, तर अगदी चपखल बसलं.

"आजोबा, एवढंसं डोकं कुणाचं हो?"

खानोलकर आजोबा भ्रूणशास्त्रज्ञ होते. भ्रूण (बाळाचं अगदी पहिलं रूप, मोहरीहूनही कितीतरी लहान) प्रयोगशाळेत वाढवण्यात त्यांची हयात गेली होती. टोपडं पाहताच त्यांचे डोळे भरून आले.

"तुझ्या रेणूआत्याचं."

समोर बसलेली त्यांची लेक, रेणूआत्या, हसायलाच लागली. उद्या तिच्या गर्भाशयात भ्रूण सोडायचा होता. डॉक्टर म्हणत होते एकच सोडू. आत्याचा हट्ट दोनाचा. "मी नि दादा, हिचे बाबा, जुळेच ना? काय बिघडलं आमचं?"

शाल्मलीलाही दोन भावंडं हवीच होती.

"बिघडलं नाही, हे आमचं नशीब," आजोबा म्हणाले. "तुम्हीही असेच प्रयोगशाळेतले. तेव्हा कुठला भ्रूण रुजेल ते नीट कळायचं नाही. म्हणून दोन-तीन सोडायचे. जास्त रुजले की पोटात दाटी, आईच्या जिवाला धोका, आणि बाळं बऱ्याचदा दिवस भरण्याआधीच बाहेर! तुम्ही दोघं इन्क्युबेटरमध्ये (ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत). तुझ्या आईला तुला जवळ घेता येईना. नर्स म्हणाली, डोकं मोसंब्याएवढं आहे. झालं! खाटेवर बसून मोसंब्यावर माप घेत तिने हे विणलं. विणताना रडायची गं. अजून मोसंबं सोललं की मला ती खोली आठवते."

आत्याचं हसू मावळलं.

"आणि आता?" शाल्मलीने विचारलं.

"आता प्रयोगशाळेतला यंत्रमानव कॅमेऱ्यातून भ्रूणांवर रात्रंदिवस नजर ठेवतो. सगळ्यात छान वाढणारा एकच सोडायचा, बाकीचे गोठवून जपायचे. पहिला नाही रुजला, तर दुसरा आहेच. रुजला, तर दुसऱ्याला दोन-तीन वर्षांनी बोलवू!"

"म्हणजे भावंडं दोन, पण एकामागून एक!" शाल्मली ओरडली.

"आणि नाहीच रुजला तर, बाबा?" आत्याने विचारलं.

"तर दोघं मिळून रडू, आणि पुन्हा जाऊ. मी आहे ना."

आत्या बराच वेळ टोपडं कुरवाळत राहिली. "एकच," ती शेवटी म्हणाली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि सोललेला नारळ घेऊन आली.

"शाल्मले, सुया नि लोकर आण. आपल्या बाळाच्या टोपड्याचं माप यावर घ्यायचं."