रिकामी चौकट

"आज संध्याकाळी बैठक हाय, ताई. बाबांकडून देवळाची किल्ली काढून घेतील," सुप्रिया म्हणाली आणि पुन्हा उठून उभी राहिली. संजीवनी गुप्तहेर होती, पण महाडच्या तिच्या ऑफिसात इतकं अस्वस्थ माणूस क्वचितच आलं असेल.

कापडे गावाच्या वरच्या वाडीतला देवीचा पितळी मुखवटा ऐन जत्रेच्या तोंडावर नाहीसा झाला होता. सुप्रियाचे वडील हरिबा तिथले पुजारी. त्यांच्यावर आळ घेतला होता एका प्रोग्रॅमने, आणि तो बनवला होता मुंबईत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या त्यांच्याच पुतण्याने, किशोरने.

संजीवनीने मदतनीस विनोदला गाडी काढायला लावली. विनोदचं डोकं पोट भरल्यावरच चालायचं, आणि आज जेवण राहिलं होतं.

वाडीत शिरताच त्याने पहिल्याच घरी पाणी मागितलं. ओटीवरची ठकूबाई संकोचली. "आमच्याकडं सुतक हाय रे. दीर वारले. पुढल्या घरी माग."

देवळात समया लखलखत होत्या. पायरीवर चिंचेचा चोथा वाळला होता. जत्रेआधी बायका सवडीने एकेक वस्तू घरी नेऊन घासून आणतात, असं हरिबाने सांगितलं. किल्ली कुठल्या खुंटीला असते ते चौघांनाच ठाऊक: तो स्वतः आणि शेजारचे चांगू, चंपाबाई, ठकूबाई. मुखवटा गेला त्या दुपारी चांगू शेतावर होता, चंपाबाई पोलादपूरच्या बाजारात. दोघांनाही पाहणारे होते.

किशोरने लॅपटॉप उघडला. प्रत्येक नावापुढे चौकटी होत्या. विधान खरं तर खूण, खोटं तर चौकट मोकळी. "त्या दुपारी देवळात गेले, इथे खूण फक्त हरिबाकाकांची. बाकी तिघं आपोआप बाद."

संजीवनीने पडद्यावर बोट ठेवलं. "ठकूबाई वाडीत राहतात ना? त्या चौकटीतही खूण नाही."

"भरायचं राहिलं असेल," किशोर म्हणाला.

विनोदला त्यात काही विशेष दिसलं नाही.

संध्याकाळी संजीवनीने बैठक ठकूबाईच्या अंगणासमोरच बोलावली.

"ठकूबाई वाडीत राहतात हेसुद्धा यंत्राला ठाऊक नाही, म्हणजे त्यांची एकही चौकट कुणी भरलेली नाही. सुतकाच्या घरी देवळाचं कोण विचारणार? 'माहीत नाही'ला तुझ्या प्रोग्रॅममध्ये जागाच नाही, किशोर. त्याने ते 'नाही' धरलं. समया घासल्या गेल्या, मग मुखवटाही कुणीतरी घासायला नेला असेल. आणि परत आणण्याआधीच घरात सुतक आलं, तर त्या बाईने करावं काय?"

ठकूबाईचे डोळे भरले. "परसात, टोपलीखाली हाय. सुतकात देवीला हात कसा लावू? हरिबावर आळ आलाय हे आज कळतंय. मला कुनी इचारलंच नाय."

विनोदने टोपली उचलली. चिंच फासलेला मुखवटा तिथेच होता. सुप्रिया तिथेच खाली बसली आणि रडली.

बैठक सुरू होताच काढून घेतलेली किल्ली किशोरने मान खाली घालून हरिबापुढे धरली. हरिबाने हात पुढे केला नाही. त्याच्या मनाला फार लागलं होतं.

"आधी इचार तरी," तो म्हणाला.

"काका, पूजा पुन्हा कराल?"

हरिबाने पायात वहाणा सरकवल्या.

"ठाऊक नाय," तो म्हणाला आणि घराकडे चालू लागला. किल्ली किशोरच्या हातातच राहिली.