तीन सतराची अकरा मिनिटं

ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

२०२५ चा एप्रिल, अठ्ठावीस तारीख, सोमवार. इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. वाचून कुणाला खोटी वाटली तर वाटू दे. ही गोष्ट मागे घे, असं मला याआधीही सांगून झालंय.

मी घेतली नाही.

मी स्वरूपा. बारामतीत एका छोट्या कंपनीत मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर लिहायचे. शेळगावच्या बाहेर एक हॅचरी आहे, तिथं अंडी उबवून पिल्लं काढतात. उबवणीच्या खोलीतला कंट्रोलर आमचा होता. दर तासाला अंड्यांचे ट्रे कलवायचे, गरमी सांभाळायची, आणि आत कुणाला काही झालं, त्यानं लाल बटण दाबलं, की बाहेर घंटा वाजवायची. ही त्याची कामं.

त्या खोलीत मार्चमध्ये भामाबाई गेल्या.

तिथं नऊ वर्षं कामाला होत्या. छातीत कळ आली आणि दारापाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांची सून सोनम तिथंच कामाला. ती जेवून परत आली, तेव्हा भामाबाईंचा हात भिंतीवर होता. बटणाच्या खाली.

घंटा वाजलीच नव्हती.

कंट्रोलरमधली नोंद काढली. दुपारी ३:१७, सगळं ठीक. बटण दाबल्याची नोंद नाही. आमच्या कंपनीनं तसा कागद दिला. मशीन चालू होतं, बाईंनी बटण दाबलं नाही.

सोनमनं मला फोन केला.

"ताई, आत्याबाईंनी बटण दाबलं न्हाय म्हणत्यात. मग बोटाचं नख का तुटलं हुतं त्यांच्या?"



मी कोड उघडून बसले. तीन दिवस.

मशीनला स्वतःहून वेळ कळत नाही. आत एक टायमर असतो. तो सेकंदाला शंभर वेळा प्रोसेसरला टोचतो. हातातलं काम थांबव, मोज. याला टायमर इंटरप्ट म्हणतात. कर्नल, म्हणजे मशीनचा सगळ्यात आतला कारभारी, हे टोचे मोजत राहतो. तोच त्याचा वेळ. प्रत्येक टोच्याला तो एकदा बटणाकडं बघतो.

टोचे बंद केले, तर त्याच्यासाठी वेळ थांबतो.

आणि थांबलाय, हे त्याला कळतही नाही.

कोडमध्ये एका जागी टोचे बंद केले होते. ओलाव्याचा सेन्सर वाचण्यापुरते, निमिषभर. त्या दिवशी सेन्सरच्या वायरीत पाणी गेलं. उत्तर आलं नाही. मशीन तसंच वाट बघत बसलं...

अकरा मिनिटं.

नंतर ते पुढं चालू लागलं. काहीच झालं नाही अशा थाटात. संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, मशीनचं घड्याळ अकरा मिनिटं मागं पडलंय. आणि ते नीट लावून टाकलं.

ती ओळ मी लिहिली होती.

अठ्ठावीस तारखेला मी सुधारलेला प्रोग्रॅम घेऊन शेळगावला गेले. वायर नवी टाकली. टोचे बंद करणारी ओळ काढून टाकली. बटण किती वेळा दाबलं, तेही नोंदीत येईल असं केलं. अडीच वाजता बटण दाबून पाहिलं. घंटा वाजली. चौकीदार तात्याबा गेटपासून धावत आले.

सगळं नीट होतं.

सोनम माझ्याशेजारी उभी होती. पंख्यांची घरघर चालू होती. मी स्क्रीनवरचे सेकंद बघत होते.

३:१७:०८...

३:१७:०९...

३:१७:०९...

०९ वरच.

मला वाटलं, प्रोग्रॅम अडकला. मोबाईल पाहिला. ३:१८ झाले होते.

तेवढ्यात आवाज आला.

किट्...

मी वळून पाहिलं. बटणापाशी कुणी नव्हतं.

किट्... किट्...

लाल बटण आत जात होतं. बाहेर येत होतं. अंगठ्यानं दाबावं तसं.

सोनमनं माझा दंड धरला. पळावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण पळाले असते, तर पुन्हा एकदा कुणी ऐकलं नाही, असंच झालं असतं.

आधी भराभर होतं. मग अंतर वाढत गेलं.

किट्......

मग बराच वेळ काही नाही.

मग एक. अगदी हलका.

मोबाईलवर ३:२८ झाले आणि स्क्रीनवर १० आला. बाहेर घंटा वाजली नव्हती.

मी नोंद उघडली. एकच ओळ होती. ३:१७:०९. बटण, त्रेचाळीस वेळा.

सगळं एकाच टोच्यात.

एका टोच्याला कर्नल बटणाकडं एकदाच बघतो. त्रेचाळीस होऊच शकत नाहीत. ते कसं चालतं हे मला माहीत आहे, कारण ते मीच लिहिलंय.

मी ऑफिसला सगळं कळवलं. संध्याकाळी आमच्या कंपनीच्या राजवर्धन सरांचा फोन आला.

"स्वरूपा, ती नोंद पुसून टाक. नवीन प्रोग्रॅम टाकला, एवढंच लिही."

"नाही सर. चूक माझ्या ओळीत होती, ते लिहिणार. आज पाहिलं, तेही लिहिणार."

"नोकरीचा विचार कर."

"केलाय."

मी रिपोर्ट लिहिला, सही केली आणि एक प्रत सोनमच्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात मला काढलं. पण त्या रिपोर्टपुढं कंपनीला जुना कागद मागे घ्यावा लागला. नव्या कागदावर लिहिलंय की त्या दिवशी अकरा मिनिटं मशीनला बटण ऐकू येणं शक्य नव्हतं. बाईंनी दाबलं नाही, हे वाक्य गेलं.

मला वाटलं, आता थांबेल.

थांबलं नाही.

कंट्रोलर बदलला. दुसऱ्या कंपनीचा आणला. त्यात माझी एकही ओळ नाही. तरी रोज दुपारी तेच... सेकंद थांबतात आणि बटण हलायला लागतं.

तात्याबांनी देवऋषी आणायचं काढलं. सोनमनं त्यांना दारातच अडवलं.

"त्यांना घालवायचं न्हाय, तात्या. एकदा एकटं सोडलं. आता न्हाय सोडायची."

तेव्हापासून ती रोज सव्वातीनला आत जाते. स्टूल टाकून बसते. दार सताड उघडं.

मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटती की."

एवढंच म्हणाली.

गुरुवारी मीही जाते. आम्ही दोघी बसतो. हे काय आहे, मला अजून सांगता येत नाही.

मागच्या गुरुवारी बटण हललं नाही. सेकंद थांबले, आम्ही वाट बघत राहिलो. चार मिनिटं गेली... पाच...

मग माझ्या स्टुलाच्या अगदी मागं, कुणीतरी खोल श्वास घेतला.

मी वळून पाहिलं नाही.

उठलेही नाही.