गाळवाचकाची साक्ष

बंदरावर मासळीचा लिलाव ऐन रंगात आला असताना तारामती खवणेकरणीचा फोन वाजला. सुरमईच्या रक्ताचे हात लुगड्याला पुसून तिनं तो सुनेपुढे धरला. कुमुदनं निरोप दोनदा वाचला, मग सासूला सांगितला. खडपावर, बंदराबाहेरच्या खडकांवर, बुडालेल्या जुन्या फिरंगी गलबतात मानवी अवशेष सापडले होते, आणि ते तारामतीच्या पोटच्या मुलाचे होते.

हे कळवणारं यंत्र म्हणजे गाळवाचक. समुद्रतळाच्या चिमूटभर गाळातल्या आनुवंशिक खुणा ते वाचायचं, जिल्ह्याच्या रक्तनोंदींशी ताडायचं आणि थेट वारसाला सांगायचं. कायदाच तसा झाला होता. माणूस सापडला की गलबताची समाधी होते, आणि समाधीतला साधा खिळा काढायचा तरी वारसाची संमती लागते. त्याशिवाय परवाना नाही.

त्या मुलाची, जयवंतची, होडी त्याच खडपावर फुटली होती, तीन वर्षांमागं. प्रेत मिळालं नाही. लोक सांगतील ते तारामतीनं दर्याला वाहिलं, नारळापासून नथीपर्यंत. मेल्या दर्यानं ढेकरसुद्धा दिला नाही! कुमुद मात्र रोज कुंकू लावत राहिली.

दुसऱ्याच दिवशी त्या गलबतावर गाळवाचक उतरवणाऱ्या कंपनीचे सरपोतदार दारात हजर.

"आम्हाला फक्त तोफा हव्यात, मावशी. तुमचा अंगठा मिळाला की परवाना निघेल."

"माझ्या झिलाक, जयवंताक, आदी वर काढतल्यात मा?"

"सगळ्यात आधी. शब्द देतो."

तारामतीनं अंगठा टेकवला. मग घरात जाऊन स्वतःच्या हातानं सुनेचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. "आये, थांबा, आदी हाडां तरी येवंदेत," पोरगी रडत म्हणाली.

"यंत्र खोटा बोलात काय!" तारामती तिच्यावरच खेकसली.

तोफा वर आल्या तेव्हा बंदरावर बघ्यांची झुंबड उडाली. सरपोतदारांनी तारामतीच्या ओंजळीत चांदीची डबी ठेवली, काळी पडलेली, झाकणाला चीर गेलेली. एवढंच मिळालं, म्हणाले.

तारामती किंचाळली. "ही माझीच डबी! जयवंताची जलमाची नाळ! नाळ दिली की दर्या माणूस परत देता, म्हणान मीच टाकलंय थंय! यंत्राक ह्या कळाक नाय?"

"कळलं होतं. वय 'नवजात' असंच दाखवत होतं," सरपोतदार शांतपणे म्हणाले. "तुम्ही विचारलं नाहीत, मावशी." आणि ते तोफांकडे वळले.

कुमुदनं मोकळ्या कपाळावरून हात फिरवला.

"आये, मगे माझा कुंकू पुसलात, ता कोणाच्या नावान?"