दर दोन मिनिटांची ओळख

जालसुरक्षा प्रयोगशाळेतल्या टेबलावर केतकीने दोन फोन ठेवले. एक तिचा. दुसरा तिच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, ओवीच्या फोनची चोरून केलेली नक्कल.

"जुळाफोन!" डॉ. तस्नीम मुजावर म्हणाली. दोघी कॉलेजच्या मैत्रिणी. "बाई गं, याला कैद आहे."

"कैद नंतर बघू. ओवी पोहण्याच्या तलावावर कपडे बदलायच्या खोलीत अडकलीय. दार तिच्या फोनने उघडत नाही. दम्याचा पंप बाहेर पिशवीत, आणि दार तोडायला सुतार यायला अर्धा तास."

तस्नीमने पडद्यावर त्या दाराची नोंद उघडली.

"दार फोन ओळखत नाही, स्वभावठसा ओळखतं. माणूस फोन कसा, किती वेळा हाताळतो त्याचा ठसा. एकाच क्रमांकाचे दोन फोन दिसले, की ठशाशी जुळेल तो खरा, दुसरा खोटा. तू हा किती वेळा बघायचीस?"

"अधूनमधून."

"दर दोन मिनिटांनी, केतकी! सहा महिने. कुठेय, पोचली का, बॅटरी किती. सगळं ओवीच्या नावावर चढलंय. यंत्रणेच्या लेखी ओवी म्हणजे तू."

"दुसरा उपाय काय होता?"

"संमतीदुवा. कायदेशीर. लेकीला विचारायचं, ती हो म्हणाली तर बघायचं."

"आणि नाही म्हणाली असती तर?"

तस्नीमने जुळाफोन कायमचा निकामी केला. "हा गेला तरी ठसा राहतो. आता ओवी तिच्या फोनवर तुझ्यासारखी वागली, तरच दार उघडेल."

केतकीने तलावावर काम करणाऱ्या शेवंतामावशींना फोन लावून दाराशी जायला आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांगितलं. दारापलीकडून ओवीची घरघर ऐकू आली.

"ओवी, फोनवर बघ, तू कुठे आहेस."

"मला माहितेय ना कुठेय ते!"

"तरी बघ. आता बॅटरी. थोडं थांब... परत कुठे आहेस ते."

"आई, तेच तेच काय?"

"बघ म्हणते ना!"

सातव्या खेपेला कडी सरकली.

"आली हो ताई बाहेर! पंप दिला," शेवंतामावशी ओरडल्या. थोड्या वेळाने मावशी पुन्हा बोलल्या, "पोरगी विचारतेय, आता बघणं बंद करू का?"

केतकीने वर पाहिलं. तस्नीमने नकारार्थी मान हलवली. "ठसा हळूहळूच उतरतो. एकदम थांबली, तर शाळेचं, घराचं, प्रत्येक दार बंद."

केतकीने आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"नको गं राणी. अजून एकदा बघ."