चिमटे काढण्याआधी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली.

मी तिला तिखटमीठ लावलेलं नाही. उलट थोडं गाळलंच आहे, कारण सगळं लिहायला हात धजत नाही.

भुताच्या गोष्टीत रात्र असते, सोसाट्याचा वारा असतो. इथे तसलं काही नाही. भर उन्हाळ्यातली दुपार होती. ट्रकच्या डेपोतली मागच्या भिंतीलगतची रांग. वेळ दोन वाजून एकतीस मिनिटं.

ही वेळ लक्षात ठेवा.

मामा त्या डेपोत इलेक्ट्रिशियन होता. विजेवर चालणारे बारा ट्रक त्याच्या हाताखाली होते. अशा ट्रकला दोन बॅटऱ्या असतात. एक भलीमोठी, पोटाखाली, तिच्यावर ट्रक पळतो. दुसरी छोटी, साध्या मोटारीत असते तेवढी. पण सगळी मदार त्या छोटीवर. दाराची कुलपं, काचा, भोंगा, पंखा, सगळं तिच्यावर चालतं. ती उतरली की मोठी कितीही भरलेली असो, ट्रक म्हणजे निव्वळ पत्र्याचा डबा. मग पुढचं झाकण उघडायचं, बाहेरच्या चार्जरचे लाल-काळे चिमटे लावायचे आणि छोटीला जागं करायचं.

ट्रक बारा आणि असे चार्जर दोन. त्यामुळे दिवसभर याचे काढ, त्याला लाव.

त्यासाठी मामानेच एक नियम घातला होता. चिमटे लावताना किंवा काढताना आधी केबिनच्या दारावर दोन थापा मारायच्या. "आहे का रे कोणी आत?" असं विचारायचं. मगच हात लावायचा.

हा नियम ज्याने घातला, त्यानेच तो एकदा मोडला...

अकरा नंबरचा ड्रायव्हर मामाचा जिवलग दोस्त होता. सगळे त्याला 'डुलकी' म्हणायचे. पाठ टेकायचा अवकाश की घोरणं सुरू. एकदा म्हणे तो स्वतःच्या साखरपुड्यात झोपला होता. मामा त्याला चिडवायचा, "डुलक्या, तुझ्या ट्रकला हेडलाइटपेक्षा उशी जास्त गरजेची आहे."

त्या उन्हाळ्यात अकरा नंबर बिघडला. मोठ्या बॅटरीतून छोटीला वीज देणारा भाग जळाला होता. नवा भाग येईपर्यंत ट्रक मागच्या रांगेत उभा. बाहेरच्या चार्जरवर त्याची छोटी बॅटरी कशीबशी जिवंत.

एका दुपारी जेवण झाल्यावर डुलकी केबिनमध्ये शिरला. आतून कुलूप लावलं, पंखा सुरू केला, सीट मागे टाकली आणि झोपला. त्याचा फोन जेवणाच्या खोलीतच राहिला होता.

पाच वाजता तो सापडला. सीटवर, मान एका बाजूला कलंडलेली. अंग तापलेलं, पण जीव नव्हता.

बॅटरी आपोआप बसली, पंखा बंद पडला, केबिनची भट्टी झाली, असं चौकशीत ठरलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला. त्याच्या बायकोने तेवढं एक वाक्य घट्ट धरून ठेवलं.

मामा मात्र चौकशीत काहीच बोलला नाही.

कारण बॅटरी आपोआप बसली नव्हती. सव्वादोनला दुसरा एक ड्रायव्हर चार्जरसाठी मामाच्या डोक्यावर येऊन बसला होता. त्याच्या घाईत मामाने अकरा नंबरचे चिमटे काढून नेले होते.

दारावर थाप न मारता.

---

तीन महिन्यांनी अकरा नंबर दुरुस्त होऊन कामाला लागला. आणि दुसऱ्याच सकाळी त्याची छोटी बॅटरी उतरलेली मिळाली.

मामाने नवी बॅटरी टाकली. तीही उतरली.

आणखी एक टाकली. तीही...

शेवटी त्याने लॅपटॉप जोडला. हे ट्रक उभे राहिले की थोड्या वेळाने आपोआप झोपतात, वीज वाचवतात. अकरा नंबर झोपतच नव्हता. त्याचं कारण पडद्यावर लिहिलं होतं:

ड्रायव्हरच्या सीटवर व्यक्ती आहे.

मामाने मान वर करून बघितलं. सीट रिकामी.

त्याने सीटखालचा सेन्सर बदलला. मग अख्खी सीट बदलली. अक्षरं तीच राहिली. ट्रक पुन्हा मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. मामा चार्जर घेऊन एकटाच अकरा नंबरपाशी आला. आता तो नियम कधीच चुकवत नव्हता. त्याने दारावर दोन थापा मारल्या. "आहे का रे कोणी आत?"

मामा चिमटे लावायला वाकला. आणि तेवढ्यात...

आतून दोन थापा आल्या.

पायरीवर चढून मामाने काचेतून बघितलं. आत कोणी नव्हतं. खाली उतरून त्याने चिमटे लावले. दिवे लागले, पंखा फिरू लागला. आणि कोणी पट्टा न लावता बसलं की वाजते ती घंटी वाजू लागली... टिंग... टिंग... टिंग...

त्याने लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. ट्रक सगळं लिहून ठेवतो. दार कधी उघडलं, आतलं हँडल कधी ओढलं. या ट्रकचं आतलं हँडलही विजेवरच चालायचं. वीज नसेल तर पायाखालच्या चटईखाली एक पट्टी असते, ती ओढली की दार उघडतं. ड्रायव्हर लोकांना ती माहीतच नव्हती. मामाला माहीत होती. सांगायचं राहून गेलं होतं.

ट्रक चार्ज असलेल्या प्रत्येक दिवशी एकाच वेळच्या नोंदी होत्या.

आतून हँडल ओढलं, २:३१.
आतून हँडल ओढलं, २:३१.
आतून हँडल ओढलं, २:३२...

खाली खाली जात मामा शेवटच्या ओळीवर पोचला. २:५८. त्यानंतर काही नाही.

सत्तावीस मिनिटं.

म्हणजे डुलकी झोपेत गेला नव्हता.

त्या संध्याकाळी मामाने मामीला सगळं सांगितलं. मामी म्हणाली, "अहो, तो अजून आतच अडकलाय. उद्या जा आणि दार उघडून द्या त्याला. आणि त्याच्या घरी वहिनींनाही खरं काय ते सांगून टाका. असं किती दिवस जगणार तुम्ही?"

मामाला ते पटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी अडीचच्या आत तो मागच्या रांगेत पोचला. थापा मारल्या, चिमटे लावले, केबिनची दोन्ही दारं सताड उघडली आणि वाऱ्याने लागू नयेत म्हणून दोरीने बांधली.

"डुलक्या, उतर रे," तो म्हणाला. "दार उघडंय. चूक माझी होती. उतर."

दोन एकतीस.

उघड्या दाराचं आतलं हँडल... हललं.

"अरे, उघडंच आहे!" मामा ओरडला.

हँडल पुन्हा ओढलं गेलं. मग पुन्हा. मग जोरजोरात, एकामागोमाग एक. दार मोकळं होतं, बाहेरचं ऊन थेट सीटवर पडत होतं. पण जो ओढत होता, त्याला ते दिसत नव्हतं. त्याच्यासाठी दार बंदच होतं.

मामाने चटई उचलून ती पट्टी ओढली. काही बदललं नाही. त्याने रिकाम्या सीटकडे हात पुढे केला. हाताला फक्त गरम हवा लागली. पंखा सुरू असताना... भट्टीसारखी गरम.

मग थापा सुरू झाल्या. दोन... दोन... दोन. डेपोत दारावर कसं वाजवायचं ते डुलकीलाही पाठ होतं. बाहेरून कोणीतरी विचारेल, याची तो वाट बघत होता.

"मी आहे रे! इथेच आहे!" मामा रडत होता.

थापा हळू होत गेल्या. दोन अठ्ठावन्नला हँडल एकदाच, सावकाश हललं, अर्ध्यावर थांबलं... आणि परत जागेवर गेलं.

पुढे वर्षभर मामा रोज तिथे जायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. एकदा त्याने बॅटरी काढूनच टाकली. त्या दिवशी हँडल हललं नाही, घंटी वाजली नाही. पण पत्र्याला कान लावल्यावर थापा ऐकू आल्याच. मग त्याने बॅटरी परत बसवली. निदान पंखा तरी सुरू असू दे, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

नंतर डेपोने जुने ट्रक विकून टाकले. न्यायला आलेल्या माणसाला मामा म्हणाला, "याला हात लावण्याआधी दोनदा वाजवत जा." तो माणूस हसला. अकरा नंबर कुठे गेला, मामाला माहीत नाही.

---

हे सगळं मामाने मला मागच्या वर्षी सांगितलं. खरं सांगतो, माझा विश्वास बसला नव्हता.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्याच्याकडे होतो. मामा आता घरातलं एकही दार लावू देत नाही. बाहेरचं दार उघडंच होतं. डुलकीची बायको भेटायला आली होती. चहा झाला, जुन्या आठवणी निघाल्या. मामीने मामाकडे बघितलं. मामाने घसा खाकरला. आता सांगणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात डुलकीची बायको डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, एवढं एकच बरं झालं बघा. झोपेत गेले. त्यांना काही कळलं नाही."

मामाने हातातला कप खाली ठेवला.

"हो वहिनी," तो म्हणाला. "झोपेतच गेला."

आणि दारावर दोन थापा पडल्या.

मी घड्याळाकडे बघितलं. दोन एकतीस.

"कोण आलंय बघा हो, भाऊजी," दाराकडे पाठ करून बसलेली ती म्हणाली. "कोणीतरी दार वाजवतंय."

मामा उठला नाही. मीही उठलो नाही.

दार तर सताड उघडं होतं.