कडूमावशीनं फोन उचलला

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः तिथं बसलेलो होतो.

गाव बोरी, तालुका जिंतूर. यंदाच्या जानेवारीतली भर दुपार.

माझा मावसभाऊ सूर्यभानदादा ऊसतोडीला जातो. मागं घरी त्याची आई, कडूमावशी, एकटीच. लकव्यानं तिचे दोन्ही हात गेलेले. शेजारची बायनाबाई सकाळ-संध्याकाळ येऊन तिला भरवायची.

दादानं मावशीच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं होतं. त्याचा फोन आला की दोन रिंगांनंतर आपोआप उचलला जायचा. स्पीकरवर. मग रोज दुपारी मायलेक बोलायचे.

दिवाळीनंतर तोडीला निघताना त्या ॲपनं अपडेट मागितलं. ट्रॅक्टर दारात उभा. दादानं घाईत 'हो' दाबलं.

नव्या अपडेटमध्ये ती सोयच काढून टाकली होती.

उसाच्या फडातनं तो फोन लावायचा. रिंग वाजून वाजून... बंद.

शेवटी बायनाबाईनंच त्याला फोन केला. "म्हातारी फोनकडं बघून रडायलीय रं. एकदा येऊन जा की."

"मुकादम सोडंना, काकू. संकरातीला येतो."

संक्रांतीच्या आधीच मावशी गेली. बायनाबाई आत शिरली तेव्हा उशाशी फोन वाजतच होता.

तेराव्यानंतर ओसरीत आम्ही दोघंच होतो. मावशीचं सिमकार्ड मीच मोडून टाकलेलं. तिचा फोन माझ्या खिशात, बंद.

दादानं तिचा नंबर लावला.

"कशाला, दादा? आता कुठं लागणार?"

एक रिंग...

दुसरी रिंग...

उचलला.

आधी काहीच नाही. मग श्वास... मग खाट कुरकुरली.

फोनमध्ये नाही. आतल्या खोलीत.

आत खाट नव्हतीच. ती आम्ही तेराव्याला दान दिली होती.

"माय!" दादा ओरडला. "म्या मुद्दाम न्हाई केलं, माय! त्यानं अपडेट म्हणलं, म्या हो म्हणलं..."

पलीकडून मावशीचा आवाज. लय हळू.

"जेवलास का रं?"

आणि फोन कटला.

मी खिशात हात घातला. मावशीचा फोन बंदच होता... पण चटका बसावा इतका तापलेला.

दादा परत तोडीला गेला नाही. मीही दुपारचा बोरीला जाणं टाळतो. परवा नाइलाजानं गेलो. दादा भिंतीकडं तोंड करून बसला होता. समोर ताट, तसंच.

"अजून येतो का रे आवाज?" मी विचारलं.

"रोज. जेवलास का, एवढंच इचारती." तो मान वर न करता म्हणाला. "माफ केलं म्हणत न्हाई."