दोदोंगला मारलेली हाक

जुलैची रात्र. स्कारबरोमधल्या त्या तळघरात पंखा नुसता घरघरत होता. महिन्याभरापूर्वीच फिलिपिन्सहून टोरांटोत उतरलेली तीन पोरं जमिनीवर बसून भात नि तळलेले सुके मासे खात होती. आर्विन कुयाने उठून दिवा घालवला. थोरल्या भावाला कुया म्हणायचं, म्हणून त्याला सगळे कुया म्हणत. खरं तर तो त्यांच्या बापाच्या वयाचा.

"वरच्या तितो इसिंगने जर्विनचं काही सांगितलंय का तुम्हाला?"

"नाही."

"नाहीच सांगणार. घरमालक काका तो."

"कुया, भुताचं असेल तर आधी बोल. मी बाथरूमला जाऊन येतो."

"जा, जाऊन ये. जर्विन माझ्याबरोबर गोदामात होता. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतोय."

*

जानेवारीतला दुसरा गुरुवार. जर्विन बसने निघाला होता, हातात हँगरवर दोदोंगचा पांढरा भरतकामाचा शर्ट, वर प्लास्टिक. ड्रायव्हरने विचारलं, "लग्नाला का?" जर्विन म्हणाला, "हो." आता काय सांगणार? शर्ट फ्यूनरल होममध्ये पोचवायचा होता. दोदोंगला घालायला.

इलोइलोहून तिघं कॉलेजसाठी एकाच विमानाने आलेले. जर्विन, दोदोंग आणि दोदोंगची धाकटी बहीण ग्लेंडा. चुकीच्या बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचले, कचऱ्यात सापडलेला सोफा बर्फावरून ओढत आणला, वॉशिंग मशीनमध्ये साबण जास्त टाकून तळघरभर फेस केला. दोदोंग सगळ्यांच्या नकला करायचा. फोनवर ग्लेंडाचा आवाज काढून त्याने जर्विनला एकदा तासभर चुकीच्या स्टेशनवर उभं केलं होतं. आणि घरातून निघताना बूट घालायला हाच शेवटचा. बाकीचे दोघं रोज दारातून ओरडायचे, "दोदोंग, चल रे! उशीर होतोय!"

बर्फ पडत असताना सायकलवरून लोकांची जेवणं पोचवायला तो जात नव्हता. तितो इसिंगने पाठवलं. "आम्ही आलो तेव्हा तीन-तीन कामं केली. तुम्हा पोरांना थंडी वाजते!" वळणावर ट्रकला दोदोंग दिसलाच नाही.

आणि आता तोच तितो फ्यूनरल होममध्ये पहिल्या रांगेत बसून जपमाळ ओढत होता. वर म्हणे, देवाची मर्जी. जर्विनला वाटलं, ती माळ त्याच्या घशात कोंबावी. देव काय सायकलवर बसवायला आला होता?

रात्री दर्शन आटोपलं. सगळे निघाले. ग्लेंडा दारात थांबून टोपी घालत होती. जर्विन बाहेर पडता पडता वळला आणि सवयीने, अगदी रोजच्यासारखा ओरडला,

"दोदोंग, चल रे! उशीर होतोय!"

ग्लेंडाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

आता त्यांच्याकडे रीत अशी, की मयताकडून थेट घरी जायचं नाही. मध्ये कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं, म्हणजे पाठीस लागलेला आत्मा तिथेच उतरतो. गाडीत बसल्याबरोबर जर्विन म्हणाला, "तितो, कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात दोन मिनिटं थांबा."

"कशाला?"

"तुम्हाला माहीत आहे कशाला."

"अरे, इथे भुतांना व्हिसा मिळत नाही!" तितो आपल्याच विनोदावर हसला. "पारा वजा बावीस. मला गुडघेदुखी. थेट घरी."

दुकान मागे पडलं. जर्विनने दाराची कडी ओढून पाहिली. लहान मुलांसाठीचं कुलूप लावलेलं होतं.

तळघरात आल्यावर ग्लेंडाने भात लावला. मग दारापाशी आवाज झाला. बुटांवरचा बर्फ झाडायचा. थाड, थाड. जरा थांबून... थाड.

ग्लेंडाचा चेहरा उजळला. तेच जर्विनला सहन झालं नाही.

"माझा कुया आला," ती म्हणाली.

"ग्लेंडा, बस खाली."

"अरे, तूच बोलावलंस ना त्याला?"

ती दाराकडे निघाली. जर्विनने तिला कमरेला धरून मागे ओढलं. बाहेर पुन्हा... थाड. मग दाराची मूठ हलली. हळू. एकदाच.

त्याने आईला फोन लावला. इलोइलोत तेव्हा भर दुपार. आईने आधी भरपूर शिव्या घातल्या, मग हुकूम सोडला. "तिलाच न्यायला आलाय तो. एकट्याने वाट चालवत नाही त्याला. आत्ताच्या आत्ता दोघं जिथे माणसं असतील तिथे जा. बसा, खा. मग तू पुढे हो, ती मागून येईल. घर येईपर्यंत मागे बघायचं नाही. नाव घ्यायचं नाही. हाक आली तर ओ द्यायची नाही. कळलं?"

"आणि तीच मागे राहिली तर?"

"मोठ्यांना उलट विचारू नये," आई म्हणाली. आणि विचारलं, जेवलास का.

डोनटच्या दुकानात दोघंच गिऱ्हाईक. काउंटरवर एक पेंगुळलेली पोरगी. ग्लेंडा काही खाईना. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मध्येच फिसकन हसायची. कुणीतरी नक्कल केल्यासारखी.

"ग्लेंडा, माझ्याकडे बघ. मी उठलो की लगेच उठायचं. माझ्या अगदी मागे राहायचं. राहशील ना?"

"राहीन," ती म्हणाली. मग हळूच, "पण तो एकटा पडेल रे."

जर्विन उठला. बाहेर पडला.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. बर्फ करकरत होता. मागे तिची पावलं. हलकी, भरभर. त्याला बरं वाटलं.

चर्च मागे पडलं. पावलं होती.

मग आणखी पावलं. जड.

जर्विनने मान ताठ केली. चालत राहिला.

"जर्विन..."

तिचाच आवाज.

"जर्विन, थांब ना. माझा हात..."

तिचाच. की... तिचा काढलेला?

त्याने ओठ चावले. रक्ताची चव आली.

"जर्विन, वळ ना रे. एकदा... नुसतं एकदा..."

तो वळला नाही.

पुलाखाली आवाज थांबला. पावलं होती. मग एकच जोडी राहिली. हलकी की जड... त्याला कळेना. बर्फ भुरभुरत होता.

घर आलं. पायऱ्या. दार. तो आत शिरला आणि मागे न वळता दार धरून उभा राहिला. ती आत येईल म्हणून.

कुणी आलं नाही.

"ग्लेंडा?"

...

तो वळला. पायऱ्यांवर बर्फ पडत होता. त्याच्या स्वतःच्याच पावलांचे ठसे होते, तेही बुजत चाललेले.

दुकानातली पोरगी पोलिसांना म्हणाली, "त्याच्या पाठोपाठच तर बाहेर पडली." ग्लेंडा सापडली नाही. मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हाही नाही. तितो इसिंग सगळ्यांना सांगत सुटला, की पोरगी कुणाबरोबर तरी पळून गेली, हल्लीच्या पोरींना वळण नाही. जर्विनने त्या वसंतात कॉलेज सोडलं. तो कुठे आहे, त्याच्या आईलाही ठाऊक नाही.

*

मघाशी बाथरूमला जाऊन आलेला पोरगा म्हणाला, "कुया, उगाच. थापा."

आर्विन कुयाने उठून दिवा लावला. हीटरमागच्या कपाटापाशी गेला. कपाट उघडलं. जर्विनचा त्या रात्रीचा काळा कोट तिथे टांगलेला होता. त्याने तो उलटा फिरवला.

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, पंजा उमटलेला होता. पांढरा. पाच बोटं गच्च आवळलेली, कापड मुठीत धरल्यासारखी. पोराने बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

बर्फ होता. भर जुलैत.

आणि पंजा लहान होता. मुलीचा.